खाणीतल्या लोहापासून प्रथिनापर्यंत: चुंबकी कणांची पार्श्वभूमी

डिचोली, सांगे, सत्तरीतून निघून बार्जमधून मुरगावला गेलेले गोव्याचे खनिज मुख्यतः हेमॅटाइट. हातातला चुंबक त्याला फारसा हलवत नाही. मिश्रणातून चुंबकाने प्रथिने वेगळी करायला लागतो तो काळा मॅग्नेटाइट. तोही लोह आणि ऑक्सिजनचाच, फक्त मांडणी वेगळी. मॅग्नेटाइट चुंबकाने वेचण्याची कल्पना जुनी आहे. 1890च्या दशकात एडिसनने न्यू जर्सीत त्यावर कारखानाच चालवला आणि भरपूर पैसा बुडवला.

प्रथिनाला मात्र चुंबकाची ओढ जवळजवळ नसते. आधी ते नेमके पकडणारा हात हवा होता. तो 1968 मध्ये क्वात्रेकासास, विल्चेक आणि अनफिन्सन यांच्या अ‍ॅफिनिटी क्रोमॅटोग्राफीने दिला: नेमक्या प्रथिनाला धरणारा रेणू आधारावर बसवायचा आणि ते मिश्रणातून उचलायचे. 1973 मध्ये लंडनच्या रॉबिन्सन, डनिल आणि लिली यांनी चुंबकी आधारांवर एन्झाइम बसवून दाखवले. 1975 मध्ये पोराथने धातूच्या आयनांनी प्रथिने धरली, आणि 1987-88 मध्ये होखुली व सहकाऱ्यांनी निकेल-एनटीए (निकेलचा आयन धरून ठेवणारा रेणू) आणि हिस्टिडिनची शेपटी (प्रथिनाच्या टोकाला जोडलेली हिस्टिडिन या अमिनो आम्लाची साखळी) यांची जोडी जमवली. आज बहुतेक प्रयोगशाळांत चालते ती हीच. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये उगेलस्टाड यांनी एकसारख्या आकाराचे पॉलिस्टायरिन मणी केले. पुढे त्यांच्या छिद्रांत लोहाचा ऑक्साइड भरला गेला.

'नॅनो' शब्दाचा मोह इथेच अंगाशी येतो. कण लहान तितके प्रति ग्रॅम पृष्ठफळ जास्त, हे खरे. पण चुंबकी ओढ घनफळावर आणि द्रवाचा अडथळा त्रिज्येवर ठरतो, म्हणून वेग त्रिज्येच्या वर्गाने घटतो. 1 मायक्रॉनच्या कणाच्या तुलनेत 10 नॅनोमीटरचा कण 10,000 पट हळू सरकतो. एकट्या कणाची तासन्‌तास वाट पाहण्यापेक्षा अनेक कण सिलिकात किंवा पॉलिमरमध्ये गुंफलेला मणी बरा. आतले कण लहानच असल्याने चुंबक काढताच चुंबकत्व ओसरते आणि मणी पुन्हा पसरतात.

कण करण्याची सोपी पद्धत मासारने 1981 मध्ये दाखवली, ती सहअवक्षेपणाची, म्हणजे दोन्ही लोहक्षार एकत्र साक्यात पाडण्याची. 5.4 ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट आणि 2.0 ग्रॅम फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट, म्हणजे 2:1 मोल. नायट्रोजनखाली जोरात ढवळत अमोनिया घालायचा, पीएच 10च्या वर न्यायचा. काळा साका आला तर ठीक. तपकिरी झाला तर फेरस लोह हवेने ऑक्सिडाइझ झाले. आपल्याकडे पावसाळ्यात खरा घात वजनातच होतो: फेरिक क्लोराइड दमट हवेत पाणी ओढून चिकट होतो आणि 2:1 हे फक्त कागदावर उरते. बाटली डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, झटपट तोला. फेरसची बाटली पिवळी-तपकिरी पडली असेल तर टाकून द्या.

नुसता मॅग्नेटाइट पीएच 7च्या आसपास जवळजवळ भाररहित होतो आणि गोळे धरतो, म्हणून सिलिकाचे आवरण. निकेलच्या मण्यांवर बांधणीसाठी 300 ते 500 मिलिमोलर मीठ आणि 10 ते 20 मिलिमोलर इमिडाझोल (निकेलवरच्या जागेसाठी हिस्टिडिनशी स्पर्धा करणारा रेणू). प्रथिन सोडवताना इमिडाझोल 250 ते 500 मिलिमोलर. ईडीटीए (धातूचे आयन पकडणारे रसायन) चुकूनही नको, तो निकेलच खेचून नेतो. पेशींचा अर्क डीएनएमुळे दाट झाला असेल तर आधी डीएनए तोडणारे एन्झाइम डीएनेज, नाहीतर मणी त्यात अडकून चुंबकाकडे यायलाच तयार नसतात. आणि धुताना मणी कोरडे पडू देऊ नका. वाळलेला थर पुन्हा नीट सुटत नाही.