घरगुती सरावाचे गोल्फ चेंडू

घरात, गच्चीवर किंवा अंगणात गोल्फचे फटके घोटण्यासाठी वापरले जाणारे, अधिकृत चेंडूएवढ्याच आकाराचे पण त्याहून पुष्कळ हलके चेंडू. नियमांप्रमाणे अधिकृत चेंडूचा व्यास ४२.६७ मिमी.पेक्षा कमी आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. हा टणक चेंडू व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरवरून (सर्वांत लांब फटक्याच्या काठीवरून) ताशी २५० किमी.हून अधिक वेगाने सुटतो, आणि नवशिक्याचा अर्धवट बसलेला फटकाही खिडकीची काच फोडायला पुरेसा असतो. म्हणून घरी पूर्ण स्विंग (काठी फिरवून मारलेला पूर्ण फटका) करायचा तर चेंडू बदलणे भागच असते. तो निवडताना कोणता फटका सुधारायचा आहे, हे आधी ठरवावे लागते.

हलका चेंडू लवकर पडतो, कारण आकार तोच असल्याने हवेचा रोध फारसा घटत नाही, मात्र वस्तुमान थोडे असल्यामुळे वेग झपाट्याने ओसरतो. पोकळ, भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या चेंडूत भोकांमुळे हा रोध आणखी वाढतो. तो स्वस्त आणि टिकाऊ असला, तरी काठीवर ‘टक्’ असा कोरडा आवाज करतो, हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही आणि कालांतराने त्याला तडे जातात. फोमचा चेंडू त्याहून सरस म्हणावा लागेल. तो भिंतीवर किंवा फर्निचरवर आदळला तरी सहसा इजा करत नाही, काठीवर मऊ पण स्पष्ट बसतो आणि डावी-उजवीकडे वळणारा फटका काही प्रमाणात दाखवूनही देतो. वेजच्या (उंच, आखूड फटक्याच्या काठीच्या) पात्यावरील धारदार खाचांनी त्याचे पापुद्रे निघतात, तेव्हा तो टाकून द्यावा.

हलक्या चेंडूचा एक दोष मात्र ध्यानात ठेवायला हवा : चुकीच्या जागी बसलेला फटकाही तो बऱ्यापैकी उडवतो आणि खेळाडूची फसगत होते. पात्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला, की चेंडू लागलेल्या जागी गोल ठसा उमटतो आणि तो मध्यापासून किती सरकला आहे हे लगेच दिसते. अंतराचा अंदाज मात्र अशा चेंडूने कधीच शिकता येत नाही.

हलका पण मैदानावर खेळता येईल असा चेंडू बनवण्याचाही प्रयत्न झाला आहे. १९८० च्या दशकात अमेरिकन गोल्फपटू जॅक निक्लॉस यांच्या पुढाकाराने कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांवरील छोट्या मैदानासाठी नेहमीच्या निम्मे अंतर जाणारा चेंडू तयार झाला. त्याच्या पृष्ठभागावर नेहमीच्या खळग्यांऐवजी उंचवटे होते. घराच्या खोलीसाठी मात्र तोही फार लांब जाणारा ठरतो.

पटिंगसाठी (चेंडू हळुवार घरंगळवत भोकात घालण्यासाठी) खरा चेंडूच घ्यावा, कारण तिथे वजन आणि घरंगळणे यांचाच सराव करायचा असतो. गुळगुळीत फरशीवर तो फार पळतो, म्हणून आखूड लवेचा गालिचा अंथरावा. चेंडूभोवती स्केचपेनने एक रेघ आखली, तर सरळ घरंगळताना ती स्थिर दिसते आणि पटर (पटिंगची काठी) तिरका लागताच डगमगू लागते. मैदानावरील भोकाचा व्यास १०८ मिमी. असतो, आडव्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्याचे तोंड त्याहून अरुंद असल्याने तो चांगले लक्ष्य ठरतो.

खऱ्या चेंडूने पूर्ण फटका मारायचा झाल्यास गोल्फसाठीच विणलेली जाळी लागते. तिच्या मागे भिंतीपासून मोकळी जागा ठेवावी आणि धागे उसवले आहेत का, हे दर वेळी हाताने चाचपून पाहावे.