दंड भरला, नोंद राहिली

किरकोळ आणि हिंसा नसलेल्या गुन्ह्याची नोंद ठरावीक वर्षांनी आपोआप सीलबंद व्हावी, म्हणजे इतरांना दिसू नये, ही मागणी अमेरिकेतून आलेली असली तरी बडोद्यात ती परकी वाटायचं कारण नाही. दारूबंदीने हा प्रश्न इथल्या घरांत कधीच आणून ठेवला आहे. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १६ जूनला त्या प्रांताचा दारूबंदी कायदा अमलात आला. पुढे गुजरात वेगळा झाला, २०११ मध्ये कायद्याच्या नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘गुजरात’ आलं, २०१७ मध्ये दारू बनवणाऱ्या-विकणाऱ्यांची शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढली. लग्नाहून परतताना पकडलेल्या मुलावरचा ‘पीधेला’चा (दारू प्यायल्याचा) केस याच कायद्याखाली होतो. कुणाला धक्का लागलेला नसतो, पण पोलीस ठाण्यात नाव चढतं.

अशा केसनंतर पासपोर्ट जन्मभर अडतो, अशी समजूत दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत ऐकू येते. ती खरी नाही. खटला चालू असेल तर अडचण येते, आणि तेव्हाही १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळू शकतो. शिक्षा झालेली असेल तर १९६७ चा कायदा तीन गोष्टी पाहतो: गुन्हा नैतिक अधःपतनाचा आहे का, शिक्षा किमान दोन वर्षांची आहे का आणि ती मागच्या पाच वर्षांतली आहे का. म्हणजे ठरावीक काळानंतर जुन्या शिक्षेकडे दुर्लक्ष करायचं, हा विचार आपल्या कायद्यात होताच. नोकरीच्या बाबतीत तो टिकला नाही.

घोळ झाला तो १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातल्या कलम १२ वर. साधी चोरी किंवा फसवणूक करून पहिल्यांदाच पकडला गेलेला माणूस तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता यावा, म्हणून हा कायदा आला. कलम १२ म्हणतं की अशा सुटकेनंतर दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता त्याला लागू होणार नाही. सामान्य माणूस, आणि कित्येकदा त्याचा वकीलही, याचा अर्थ ‘पाटी कोरी झाली’ असा घेतो. सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ कधीच मान्य केला नाही. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात १९७५ मध्ये न्यायालय म्हणालं, दोषसिद्धी पुसली जात नाही, पण खात्याने शिक्षा देण्याआधी कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकावं. १९८५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ऐकून घेण्याचं ते बंधनही काढलं. १९८७ मध्ये एका कर्मचाऱ्याची बडतर्फी बदलून फक्त सेवेतून कमी करण्यात आलं, ते पुढची सरकारी नोकरी बंद होऊ नये म्हणून, आणि त्यासाठी आधार घेतला गेला याच कलम १२ चा. १९९० मध्ये पुन्हा कडक भूमिका आली: निवडणूक लढवता न येण्यासारखी जी बंदी कायद्यानेच दोषसिद्धीला जोडलेली असते तेवढीच उठते, डाग राहतो.

माझ्या मते १९८७ चा निकाल कलमाच्या हेतूशी जास्त प्रामाणिक होता. ज्याला तुरुंगाच्या लायक मानलं नाही, त्याला नोकरीच्या दारात कायमचं अडवून ठेवायचं, हे कलम लिहिणाऱ्यांच्या मनात असेल असं वाटत नाही. २०१६ मध्ये तीन न्यायाधीशांनी थोडी वाट मोकळी केली. पडताळणीच्या फॉर्ममध्ये खरं लिहायलाच हवं, पण तरुणपणातल्या क्षुल्लक प्रकरणाकडे मालक दुर्लक्ष करू शकतो, असं ते म्हणाले. ‘शकतो’ एवढंच. त्याच निकालात, खरं सांगणाऱ्यालाही नेमायची सक्ती मालकावर नाही, हेही आहे.

मुलांच्या बाबतीत आपण खूप पुढे आहोत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे. अपवाद फक्त मोठ्यांप्रमाणे खटला चाललेल्या सोळा वर्षांवरच्या मुलांचा. अठरा पूर्ण झाले की हे दार बंद.

ब्रिटनने १९७४ मध्येच ठरावीक वर्षांनंतर जुनी शिक्षा संपलेली मानायला सुरुवात केली. ‘आपोआप’ हा भाग मात्र २०१८ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा. अर्ज नाही, वकील नाही, संगणकच पात्र नोंदी शोधून सील करतो. याची गरज का पडली, ते मिशिगनमधल्या अभ्यासातून कळतं: अर्जाच्या पद्धतीत पात्र लोकांपैकी पाच वर्षांत अवघ्या ६.५ टक्क्यांचीच नोंद पुसली गेली होती. अर्थात देशात सील झालेली नोंद सीमेवर लपत नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये, माफी मिळालेली असली तरी अटक सांगावीच लागते.

आपण याच काळात उलट्या दिशेने गेलो. पूर्वी ठाण्याच्या कपाटात पडून राहणारं रजिस्टर संगणकावर आलं, आणि न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की खटला दिसू लागला. २०२२ च्या कायद्याने बोटांचे ठसे, फोटो वगैरे ७५ वर्षं जपायची मुभा दिली. निर्दोष सुटलेल्यांची माहिती नष्ट करायची आहे, पण आधी कधी शिक्षा झालेली नसेल तरच. निर्दोष सुटलेल्या एकाचं नाव ऑनलाइन निकालातून काढायचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला, त्यालाही त्याच वर्षी जुलैत स्थगिती मिळाली.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गैरवर्तन करणाऱ्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देता येते. ती सेवा पूर्ण केल्यावर त्या नोंदीचं काय करायचं, हे त्याच दिवशी लागू झालेल्या तीन नव्या फौजदारी कायद्यांपैकी एकातही लिहिलेलं नाही.