पाणी रस्त्याकाठी कसं आलं? क्रूगरमधल्या सेल्फ-ड्राइव्ह सफारीची पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तिथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातल्या कॅम्पचं फाटक पहाटे साडेचारला उघडतं. त्याआधीच आत गाड्यांची रांग लागलेली असते. काचा खाली, फ्लास्कमधली कॉफी, आणि कॉफीत बुडवायला रस्क. हा रस्क म्हणजे आपल्या टोस्टचा जाडजूड, दातांची परीक्षा पाहणारा भाऊ. फाटक उघडलं की पहिली गाडी डावीकडे वळते, दुसरी उजवीकडे. कुणाहीबरोबर गाइड नसतो. भाड्याची साधी हॅचबॅकसुद्धा चालते. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, मुरमाच्या रस्त्यावर ४०, ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही आणि संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत परत यायचं. बाकी तुम्ही आणि रस्ता.

ताडोबा-पेंचच्या जिप्सीची सवय झालेल्या मराठी पर्यटकाला याचं फार अप्रूप वाटतं. तिथली व्यवस्था आपल्यापेक्षा पुढारलेली म्हणून ही मोकळीक, असा निष्कर्ष काढून तो परत येतो. मला तो पटत नाही. क्रूगरमध्ये वन्यजीवशास्त्राच्या आधी मोटार पोचली, आणि पुढची कित्येक दशकं जंगलातली बरीचशी मांडामांड तिच्या खिडकीतून काय दिसेल या हिशेबाने झाली.

आधी एका शब्दाबद्दल. 'सफारी' स्वाहिलीतून जगभर गेला, स्वाहिलीत तो अरबीतून आला, आणि आपली 'सफर'ही त्याच घरची. पण क्रूगरमधला रोजचा शब्द 'गेम ड्राइव्ह' आहे, आणि त्यातला गेम म्हणजे शिकारीचं जनावर. मुंबईत एखाद्याचा 'गेम केला' म्हणतात, त्याच्या तो बराच जवळचा. १८९८ मध्ये साबी नदीकाठचं अभयारण्य जाहीर झालं ते हरणांसाठी. शिकारीने आणि गुरांच्या साथीने ती संपत आली होती, त्यांची संख्या पुन्हा वाढावी हा हेतू. सिंह या यादीत नव्हताच, तो हरणं खाणारा म्हणून शत्रुपक्षात. १९०२ मध्ये पहिला वॉर्डन नेमला गेला. तिथपासून पुढच्या पाव शतकात अभयारण्याच्या रखवालदारांनीच हजाराहून जास्त सिंह मारले.

त्याच वॉर्डनने सुरुवातीला आतल्या वस्त्याही उठवल्या. त्सोंगा बोलणाऱ्या लोकांनी त्याला 'स्कुकुझा' हे नाव दिलं. त्याचा अर्थ कुणी 'झाडून साफ करणारा' असा सांगतात, कुणी 'सगळं उलथंपालथं करणारा' असा. उद्यानातल्या सगळ्यांत मोठ्या कॅम्पला १९३६ मध्ये हेच नाव दिलं गेलं, गौरव म्हणून. ज्यांची घरं गेली त्यांनी हे नाव गौरवानेच ठेवलं होतं का, हा प्रश्न माहितीपत्रकांत क्वचितच दिसतो.

पर्यटक पहिल्यांदा आले ते आगगाडीने. १९२३ मध्ये रेल्वेने नऊ दिवसांची एक सहल सुरू केली. ती गाडी मोझांबिकच्या किनाऱ्याकडे जाताना अभयारण्यातून जायची. रात्री साबी नदीच्या पुलाजवळ मुक्काम, शेकोटी, रखवालदाराबरोबर थोडी पायपीट. सहल आखणाऱ्यांना हा थांबा किरकोळ वाटला होता, पण प्रवाशांना तोच सर्वांत आवडला. अभयारण्य मोडून जमीन शेतीला आणि गुरांना द्यावी, अशी मागणी त्या काळात जोरात होती. जिवंत जनावर बघायला लोक पैसे देतात हे दिसल्यावर त्या मागणीला उत्तर मिळालं. १९२६ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यान झालं. १९२७ मध्ये मोटारी सोडल्या, दर गाडीमागे एक पौंड. त्या वर्षी तीन गाड्या आल्या, १९२८ मध्ये १८०, आणि १९२९ मध्ये ८५०.

या लोकांना हवा होता सिंह. आपली जीव लावून राखलेली हरणं सोडून माणसं मांजराच्या कुळातल्या एका आळशी प्राण्यासाठी तासन् तास थांबतात, याचं वॉर्डनला नवल वाटलं. पण सिंहांची सरसकट कत्तल थांबायला हे वेडही कारणीभूत झालं. सुरुवातीच्या झोपड्यांची एक गंमत सांगितलीच पाहिजे. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात एक गोल भोक ठेवलेलं असायचं. बाहेर जनावर उभं नाही ना, हे बघून मगच दार उघडायचं. झालं उलटंच: बाहेरची माणसं आत डोकावू लागली, बायकांनी तक्रारी केल्या, आणि ती पद्धत बंद पडली.

त्यानंतरची तीन दशकं झरझर सांगता येतील. मलेरिया आणि चढलेल्या नद्या यांमुळे उद्यानाचा बराचसा भाग उन्हाळ्यात बंद असायचा. पूल नव्हते, गाड्या तराफ्यावर चढवून पलीकडे नेत. बालुलेच्या छोट्या कॅम्पमध्ये बिनखिडक्यांच्या काही झोपड्या आजही आहेत, त्या कृष्णवर्णीय पर्यटकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. 'आपली गाडी, आपली मर्जी' ही मोकळीक कुणाला होती, ते त्या झोपड्यांवरून कळतं. १९५० च्या दशकाच्या मध्याला वर्षाचे पर्यटक लाखावर गेले, आणि दहाएक वर्षांनी रस्त्यांवर डांबर पडायला लागलं. वेग वाढेल, जंगलाचा हमरस्ता होईल, म्हणून विरोध झाला. धूळ आणि खडीच्या खाणी यांपेक्षा डांबर परवडलं, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. आज साडेआठशे किलोमीटरच्या आसपास डांबरी रस्ते आहेत. या वादाची आता कुणी फारशी आठवण काढत नाही. पाण्याचा वाद मात्र अजून संपलेला नाही.

१९२६ मध्ये उद्यानाच्या सीमा आखताना पश्चिमेकडचा मोठा पट्टा वगळून खासगी मालकांकडे राहू दिला. त्या अंगाला डोंगर जवळ आणि पाऊस जास्त, म्हणून कोरड्या महिन्यांत झेब्रे आणि वाइल्डबीस्ट तिकडे सरकत. उद्यानाच्या वाट्याला आला तो खालचा, कमी पावसाचा लांबलचक पट्टा: उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटरांहून जास्त, रुंदी सरासरी साठ-पासष्ट. नद्या पश्चिमेकडून पूर्वेला जातात, म्हणजे पट्टा आडवा कापतात. दोन नद्यांच्या मधल्या माळावर हिवाळ्यात थेंब नसतो.

१९३० च्या दशकातल्या दुष्काळात लोकवर्गणी काढून बोअरवेल मारायला सुरुवात झाली. पवनचक्की, सिमेंटची टाकी, खाली डोण. मग १९५९ ते १९६१ च्या सुमारास दक्षिण आणि पश्चिम हद्दीवर कुंपण आलं. कारण होतं लाळ्या-खुरकूत, जंगली रेड्यांची लागण बाहेरच्या गुरांना होऊ नये म्हणून. हेतू चुकीचा म्हणता येणार नाही, पण जनावरांची पश्चिमेची वाट कायमची बंद झाली. वाट अडवली तर पाणी आत द्यायला हवं, हे ओघाने आलंच. त्यातच उद्यानाबाहेर, नद्यांच्या वरच्या अंगाला शेती आणि खाणींचा उपसा वाढला, आणि बारमाही नद्या कोरड्या दिवसांत आटायला लागल्या. बोअर वाढत वाढत तीनशेच्या वर गेले, शिवाय धरणं आणि बंधारे वेगळेच. यातलं बरंचसं पाणी रस्त्यावरून नजरेच्या टप्प्यात होतं. गाडी लावा, इंजिन बंद करा, वाट बघा: सेल्फ-ड्राइव्हवाल्याची ही जी ठरलेली पद्धत, ती या टाक्यांनी घडवली.

तहानलेल्या जनावराला पाणी पाजणं चुकीचं ठरेल, असं त्या काळी कुणाच्या मनात येणं कठीण होतं. आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला मात्र यातली मेख लगेच कळेल. टँकर येतो, पण चारा येत नाही. पाणी सगळीकडे झालं की जनावरही वर्षभर सगळीकडे चरतं. पूर्वी पाण्यापासून लांब म्हणून जे गवत कोरड्या दिवसांसाठी राखलं जायचं, ते शिल्लक राहत नाही. डोणीभोवतीची जमीन तुडवून उघडी पडते. खरा दुष्काळ आला की पाण्याच्या शेजारीच जनावरं भुकेने मरतात.

याचा सगळ्यांत बोलका हिशेब आहे रोन हरणाचा. घोड्याएवढं अंग, तोंडावर काळा-पांढरा मुखवटा, उंच गवतात राहणारं आणि आधीच दुर्मीळ. उत्तरेकडच्या काळ्या जमिनीच्या माळावर ते टिकून होतं, कारण तिथे पाणी कमी आणि म्हणून गर्दीही कमी. त्याच माळावर पाणवठे केल्यावर झेब्रे आले, झेब्र्यांच्या मागे सिंह आले. झेब्र्यांचे कळप तो मार सोसू शकत होते, पण रोनचे मूठभर कळप कसे सोसणार? १९८६ मध्ये उद्यानात साडेचारशेच्या आसपास रोन होते, १९९३ मध्ये पंचेचाळीस. मधला १९९१-९२ चा दुष्काळ भीषण होता, तेव्हा सगळा दोष पाणवठ्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण ज्या प्राण्याच्या भल्यासाठीही पाणी दिलं होतं, तोच त्या पाण्यापायी संपत आला, हे नाकारता येत नाही.

१९९४ च्या सुमारास उत्तरेच्या माळावरचे पाणवठे बंद करायला सुरुवात झाली, आणि पुढच्या काही वर्षांत धोरणच बदललं. निम्म्याहून जास्त बोअर बंद झाले, पवनचक्क्या उतरवल्या, काही बंधारे फोडले. शिंग्वेदझी कॅम्पजवळच्या एका धरणाचं नाव होतं 'कॅनीडूड', आफ्रिकान्स भाषेत याचा अर्थ 'न मरणारं'. २०१३ च्या पुरात ते फुटलं आणि पुन्हा बांधलं गेलं नाही.

पर्यटक यावर नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी मला अगदीच बिनबुडाची वाटत नाही. तीस वर्षं दर हिवाळ्यात एकाच टाकीपाशी गाडी लावून बसणाऱ्या माणसाला एके वर्षी तिथे कोरडी डोण आणि कबुतरं दिसतात. त्याने काय समजावं? व्यवस्थापनाने पैसे वाचवले, असाच त्याचा समज होतो. २०१५-१६ च्या दुष्काळात ही कुरबुर फार वाढली. बोअर पुन्हा सुरू करा, ही मागणी मान्य झाली नाही. त्याऐवजी सुमारे साडेतीनशे पाणघोडे आणि रेडे मारून मांस आजूबाजूच्या गरीब वस्त्यांना द्यायचं ठरलं, कारण मुळात गवत उरलं नव्हतं. खरी गंमत अशी की पाणी बंद करूनही रोन अपेक्षेप्रमाणे वाढले नाहीत. टीकाकार हे आवर्जून सांगतात, आणि ते खरं आहे. माझा कल तरीही बंद करणाऱ्यांकडे आहे. एकदा रिकामी झालेली जागा नळ बंद केल्याने लगेच भरत नाही, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

हत्तींचा प्रश्न याच पाण्यात अडकलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बोटांवर मोजता येतील इतके हत्ती होते. १९६७ पासून १९९४ पर्यंत संख्या सातेक हजारांवर ठेवायची म्हणून चौदा हजारांहून जास्त मारले गेले. जगभरच्या विरोधामुळे ते थांबलं. त्यानंतर हत्ती वाढले आणि नदीकाठची मोठी झाडं पडत गेली. पाणी कमी केलं की हत्ती आवरतात का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बाकीच्या गोष्टीही बदलल्या. पश्चिमेच्या खासगी अभयारण्यांकडचं कुंपण १९९० च्या दशकात काढलं, जनावरांना थोडी वाट मिळाली. तिथल्या महागड्या लॉजच्या उघड्या गाड्या रस्ता सोडून बिबट्याच्या मागे झुडपात शिरतात. उद्यानातल्या हॅचबॅकवाल्याला ती परवानगी नाही. अगदी उत्तरेकडच्या पाफुरी भागातून १९६९ मध्ये हुसकावलेल्या माकुलेके लोकांना त्यांची जमीन १९९८ मध्ये परत मिळाली. शेती न करता त्यांनी ती उद्यानातच ठेवली आणि लॉजचं उत्पन्न स्वतःकडे घेतलं. गेंड्यांची चोरटी शिकार २०१४ मध्ये कळसाला पोचली: त्या एका वर्षात एकट्या क्रूगरमध्ये ८२७ गेंडे मारले गेले.

आणि मोबाइल. पूर्वी कुठे काय दिसलं ते कॅम्पच्या ऑफिसबाहेरच्या नकाशावर रंगीत खुणांनी कळायचं, संध्याकाळी, म्हणजे सिंह उठून गेल्यावर. आता ते दोन मिनिटांत फोनवर कळतं आणि चाळीस गाड्या एका झुडपाकडे धावतात. २०१६ मध्ये व्यवस्थापनाने अशा ॲपविरुद्ध जाहीर भूमिका घेतली: वेग वाढतो, जनावरं चाकाखाली येतात, कोंडी होते. फरक फार पडलेला दिसत नाही.

लोअर साबी कॅम्पच्या जवळ, स्कुकुझाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून सनसेट डॅम आहे. हे पाणीही माणसानेच साठवलेलं. उद्यानातला हा सर्वांत गजबजलेला रस्ता, आणि हा पाणवठा अजून चालू आहे. संध्याकाळी काठावर गाड्या नाकाला नाक लावून उभ्या असतात. पाण्यात पाणघोडे, चिखलात मगरी, वाळक्या फांद्यांवर बगळे, आणि गाडीच्या बॉनेटपासून दहा-बारा फुटांवर पाण्याकडे पाय टाकू की नको असं करत उभं असलेलं एखादं इंपाला हरीण.