ज्युरी ड्यूटीचं समन्स आलंय, पण आपण तर ग्रीन कार्डवर? (कॅलिफोर्निया)

इकडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी ज्युरी ड्यूटीच्या पत्राचा (खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळात बसायला कोर्टाचं बोलावणं) फोटो टाकतंच, "कोर्टाकडून आलंय, काय करू?", आणि खाली सल्ल्यांचा पाऊस. त्यातला सगळ्यात घातक म्हणजे "साध्या पोस्टाने आलंय ना, टाक कचऱ्यात, त्यांना काय कळतंय". कळतं हो. कॅलिफोर्नियात समन्सला दाद न देणाऱ्याला आधी नोटीस येते, तरी गप्प राहिलात तर पहिल्या वेळी 250 डॉलरपर्यंत दंड, दुसऱ्या वेळी 750, पुढे 1500 पर्यंत.

पात्रता सोपी आहे: अमेरिकन नागरिक, वय 18 पूर्ण, त्याच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राहणारे आणि कामापुरतं इंग्रजी समजणारे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) असणं-नसणं याचा काही संबंध नाही, अमेरिकन पासपोर्ट घेतलात की तुम्ही ज्युरीच्या यादीत.

मग एच-वन (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवाल्यांना (कायम राहायची परवानगी, पण नागरिक नाहीत) समन्स येतंच का? कारण नावं उचलतात ती मतदार यादीतून, डीएमव्हीच्या (इथलं आरटीओ) लायसन्स आणि आयडी कार्डांच्या यादीतून, आणि हल्ली राज्याचा टॅक्स भरणाऱ्यांच्या यादीतूनही. नागरिकत्व कोणी आधी तपासत नाही, ते तपासायचं काम तुमच्याच गळ्यात.

आणि इथेच लोक फसतात. फॉर्मवर एक प्रश्न असतो की तुम्ही या काउंटीचे रेसिडेंट आहात का, आणि दुसरा की तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का. आपला माणूस विचार करतो की मी पर्मनंट रेसिडेंट, टॅक्स भरतो, घर आहे, म्हणजे दोन्हीला हो, आणि भराभर टिक करून मोकळा होतो. असं अजिबात करू नका!! तिथे सही खोटं बोलल्यास शिक्षा मान्य अशा अटीखाली असते, आणि नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं हा इमिग्रेशनच्या दृष्टीने फार गंभीर प्रकार आहे, ग्रीन कार्ड जाण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. पुढे सिटिझनशिपसाठी एन-400 भराल तेव्हा त्यात, नागरिक असल्याचं कधी सांगितलंय का, हे थेट विचारलेलं असतं. चुकून टिक झालीच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, ग्रुपवर विचारू नका. फॉर्म अजून भरायचा असेल तर "नागरिक नाही" हा पर्याय निवडा आणि फॉर्म वेळेत पाठवा, बस. काही काउंटी ग्रीन कार्डाची किंवा व्हिसाची कॉपी मागतात, ती जोडा आणि पाठवल्याचा पुरावा स्वतःजवळ ठेवा.

उलटा प्रकारही बघितलाय, नागरिक झालेले लोक सुटका म्हणून "नागरिक नाही" टिक करतात. ते खोटंच, आणि टेक्साससारख्या राज्यात ही माहिती मतदार नोंदणीकडे जाते, म्हणजे पुढच्या निवडणुकीत नाव गायब.

आता तारखांचा घोळ. पत्रावर दोन तारखा असतात, एक फॉर्म भरून पाठवायची, दुसरी हजर राहायची, आणि लोक दुसरीच वाचतात. त्यात आई-बाबा नुकतेच ग्रीन कार्डवर आलेले असतील तर 03/04 म्हणजे 3 एप्रिल समजून निवांत बसतात, इथे ती 4 मार्च असते. तिसरी भानगड ग्रुप नंबरची. बऱ्याच काउंटीत तुम्हाला आठवडाभर स्टँडबायवर ठेवतात आणि आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर किंवा फोनवर तुमचा ग्रुप बोलावलाय का ते बघायचं असतं. सोमवारी नाव नाही म्हणजे सुटलो असं नाही, मंगळवारसाठी परत बघायचं, असं आठवडा संपेपर्यंत. कंटाळवाणं आहे पण करा.

भारताची तिकिटं काढलीत? ती सूट मिळण्याचं कारण नाही, पण तारीख पुढे ढकलायला पुरेसं आहे, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा ढकलणं ऑनलाइन दोन मिनिटांत होतं. अंगावर पिणारं बाळ असलेल्या आईला वर्षभरापर्यंत पुढे ढकलून मिळतं. आजारपणासाठी डॉक्टरचं पत्र लागतं आणि ते मिळवताना लोकांचा जीव जातो, अपॉइंटमेंटच समन्सच्या तारखेनंतरची असते, म्हणून आधी तारीख ढकला मग पत्राच्या मागे लागा. सत्तरी ओलांडलेल्यांना हे पत्र लागत नाही, फक्त तब्येतीचं कारण लिहून सूट मागायची. हे इतक्या मुलांना माहीत नसतं की म्हाताऱ्या आईला पत्रासाठी क्लिनिकच्या चकरा मारायला लावतात. "ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे" हे कारण चालत नाही, उगाच लिहू नका.

एवढं करून हजर राहिलात तर बहुधा दिवसभर हॉलमध्ये बसून घरी याल. इथे एक दिवस किंवा एक खटला असा नियम आहे, निवड झाली नाही तर वर्षभर बिनघोर. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की 1959 चा मुंबईतला नानावटी खटला आठवतो, आठ विरुद्ध एक मताने निर्दोष वगैरे, तसलं काही नाट्य इथे सहसा नसतं. निवडीच्या वेळी वकील प्रश्न विचारतात, खरी उत्तरं द्या, हुशारी दाखवू नका.

पैसे म्हणाल तर दुसऱ्या दिवसापासून रोजचे 15 डॉलर, हसू नका. कंपनी यासाठी नोकरीवरून काढू शकत नाही, पण त्या दिवसांचा पगार द्यायचा की नाही हे तिच्या पॉलिसीवर, म्हणून आधीच एचआरला विचारा. आणि "तुमच्या नावे वॉरंट आहे, गिफ्ट कार्डने दंड भरा" असा फोन आला तर ठेवून द्या, कोर्ट असे पैसे मागत नाही. संध्याकाळी निघताना हजेरीची स्लिप मागून घ्या, एचआर नंतर तीच मागतं.