होमस्कूलिंग म्हणजे दहावी गेली? नाही हो!

मे महिना आला की फॅमिली ग्रुपवर ठरलेला मेसेज फिरतो, होमस्कूलिंग केलं, म्हणजे पोराला शाळेऐवजी घरीच शिकवलं, आणि शाळेत नाव नसेल तर दहावी देता येत नाही. साफ चुकीचं! एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) हे केंद्र सरकारचंच ओपन बोर्ड आहे, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येणारं, १९८९ पासूनचं, तिथे १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, ५ विषय, परीक्षा वर्षातून २ वेळा, एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय खरं, पण न घातल्यास शिक्षा काही लिहिलेली नाही, आणि घाबरवणारे काका नेमकं हेच सांगत नाहीत 😄 आत्ता लगेच शाळा सोडू नका, सुट्टीत ट्रायल घ्या, कैरीच्या लोणच्याचं माप पोरांनाच काढू द्या, त्यात अपूर्णांक आपोआप येतात.