‘एनआय’ टाइप करा, टॅब दाबा, ‘निपाणी’ उमटेल

‘मु. पो. येळ्ळूर, ता. जि. बेळगाव.’ सीमाभागात लग्नपत्रिका किंवा अर्ज टाइप करणाऱ्याला अशा ओळी रोजच्याच. मजकूर मराठी, एखादा रकाना कन्नड आणि एडिटरच्या कमांडा रोमन. गावाच्या नावापायी दर वेळी कीबोर्डची भाषा बदलावी लागते. विम या मजकूर लिहिण्याच्या एडिटरमध्ये दहा-बारा ओळी लिहिल्या की ही कटकट संपते. (कोडमधले शब्द इथे देवनागरीत दिलेत, टाइप करताना ते रोमनमध्येच.)

आधी स्वतःची कमांड करायची. तिचं नाव रोमन कॅपिटल अक्षरानेच सुरू व्हावं लागतं, म्हणून ‘गाव’ हे नावही रोमनमध्येच लिहायचं. ‘एनआर्ग्स’ (कमांडपुढे किती आर्ग्युमेंटं, म्हणजे मजकुराचे तुकडे, द्यायचे ते सांगणारा पर्याय) 1 ठेवा. हा पर्याय विसरलात तर कमांड पुढे काहीच स्वीकारत नाही. मिळालेलं नाव कर्सरपाशी घालताना ‘क्यू-आर्ग्स’ वापरा. नुसतं ‘आर्ग्स’ दिलं तर अवतरणचिन्हं लागत नाहीत, विम ‘निपाणी’ हा मजकूर न समजता कोडचाच भाग समजतो आणि एरर देतो.

खरी गंमत ‘कंप्लीट’ या पर्यायात आहे; टॅब दाबल्यावर कोणती नावं सुचवायची ते तो ठरवतो. त्याला ‘कस्टम’ दिलं तर तुमचं फंक्शन सगळी नावं एकेका ओळीत परत करतं आणि टाइप केलेल्या अक्षरांशी ती जुळवून पाहण्याचं काम विम करतो. रोमन ‘एनआय’ देवनागरी ‘निपाणी’शी जुळणार कसं? यादी रिकामीच येते. ‘कस्टमलिस्ट’ दिलं तर विम गाळणी लावत नाही. फंक्शन जी यादी देईल ती जशीच्या तशी समोर येते, आणि टाइप केलेली अक्षरं पुसून तिथे निवडलेलं नाव बसतं. आपल्याला नेमकं हेच हवं.

म्हणून एक डिक्शनरी करा: डावीकडे रोमन स्पेलिंग, उजवीकडे देवनागरी नाव. फंक्शनला पहिलं आर्ग्युमेंट मिळतं ते अर्धवट टाइप केलेला शब्द. ‘कीज’ने सगळी स्पेलिंगं काढा, ‘स्ट्रिडएक्स’चं उत्तर 0 येईल, म्हणजे टाइप केलेली अक्षरं ज्यांच्या अगदी सुरुवातीला सापडतील, तेवढीच ठेवा आणि प्रत्येकाच्या जागी त्याचं देवनागरी नाव घाला. चिकोडीला एक ‘के’ आणि दोन ‘के’ अशी दोन्ही स्पेलिंगं खुशाल द्या, लोक दोन्ही लिहितात. मग नाव दोनदा दिसेल; त्यावर आधी ‘सॉर्ट’, मग ‘युनिक’. क्रम उलटा नको, कारण ‘युनिक’ फक्त शेजारशेजारची पुनरुक्ती काढतं.

सगळ्यात फसवी चूक ‘फिल्टर’ची. हे फंक्शन मूळ यादीच कापतं. ते थेट डिक्शनरीवर चालवलं, तर पहिल्या टॅबला निपाणी मिळते आणि दुसऱ्या वेळी खानापूर, हुक्केरी, संकेश्वर सगळी गायब. आधी ‘कॉपी’ करा, किंवा ‘कीज’ने मिळालेल्या नव्या यादीवरच ते चालवा.

आधी तालुका आणि मग त्यातलं गाव अशी सोय हवी असेल, तर ‘एनआर्ग्स’ला तारा (*) द्या आणि फंक्शनला मिळणारी दुसरी-तिसरी आर्ग्युमेंटं वापरा: पूर्ण कमांड-ओळ आणि कर्सरची जागा. ही जागा अक्षरांत नाही, बाइटमध्ये असते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड 3 बाइट घेतो. ‘बेळगाव’ वाचताना 4 अक्षरं, साठवताना काना-मात्रा धरून 6 कोड, म्हणजे 18 बाइट. ओळ कापायला ‘स्ट्रपार्ट’ घ्या, तेही बाइटच मोजतं. ‘स्ट्रकारपार्ट’ घेतलंत तर भलतीकडेच कापलं जाईल.

एवढं करूनही एखादं गाव दोनदा दिसत असेल, तर ते नाव बहुधा वेबवरून चिकटवलेलं असतं आणि त्यात एरवी न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक लपलेला असतो. कर्सर त्या अक्षरावर नेऊन ‘जी’ आणि ‘8’ दाबा, बाइट दिसतील. ते नाव पुसून हाताने टाइप करा.