लपवलेली बंदूक आणि कुलपातली बंदूक

पाटण तालुक्यात आमच्या डोंगराकडच्या बाजूला कुणालाही विचारा, "घरात बंदूक आहे, पोरं लहान आहेत, ठेवता कशी?" उत्तर ठरलेलं असतं. "ठेवलीय की नीट. पोरांच्या हाताला नाही लागायची." आता हे 'नीट' म्हणजे काय, ते जरा खोदून विचारा. माळ्यावर. कणगीच्या मागं. गाद्यांच्या चळतीत. कपाटावर, जुन्या ट्रंकेच्या पाठीमागं. म्हणजे लपवलेली. सांगणारा मात्र ती तिजोरीत असल्याच्या थाटात सांगत असतो, आणि खोटं बोलतोय असंही नाही. त्याच्या डोक्यात लपवणं आणि कुलूपबंद करणं या दोन गोष्टी एकच झालेल्या असतात.

सातारा जिल्ह्यात घरात बंदूक असणं हे काही नवलाचं नाही. एकीकडे फौजेतून निवृत्त झालेली माणसं. आमच्याकडे अपशिंग्याच्या नावाला 'मिलिटरी' जोडल्याशिवाय गावाचं नाव पुरं होत नाही. दुसरीकडे कोयना-जावळीच्या पट्ट्यात रानडुकरं आणि गवे, आणि त्यांच्यापासून पीक राखायला परवान्यावर घेतलेल्या बाराबोर, म्हणजे लांब नळीच्या काडतुसाच्या बंदुका. बऱ्याचशा जुन्या, वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर आलेल्या.

फौजी माणसाचं मला कायम आश्चर्य वाटतं. पलटणीत असताना रायफल 'कोता'त जमा करायची, म्हणजे शस्त्रागारात. दाराला कुलूप, बाहेर पहारा, नोंदवहीत सही केल्याशिवाय हत्यार हातात नाही. पंधरा-वीस वर्षं हेच केलेला माणूस पेन्शनीवर घरी येतो आणि स्वतःची बंदूक ठेवतो माळ्यावर, गोधडीत गुंडाळून. तिथं सगळे तरणेताठे, शिकवून तयार केलेले जवान होते तरी कुलूप होतं. इथं चार वर्षांचा नातू आहे, आणि गोधडी.

आमचे तात्या असेच. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, एकनळी बाराबोर बाळगणारे. मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्यात चुलत-मावस मिळून आम्ही अकरा पोरं घरात होतो आणि दिवसभर लपाछपी चालायची. लपायला चांगली जागा म्हणून मी माळ्यावर, रिकाम्या पिंपांच्या मागं शिरलो. हाताला थंडगार काहीतरी लागलं. गोधडीचं टोक बाजूला केलं तर तेलाचा वास आला, शिवणयंत्राच्या तेलासारखा. मी ती मांडीवर ओढून घेतली. दस्ता माझ्या काखेत मावेना. घोडा मागं ओढून पाहिला, अंगठा घसरला, पुन्हा ओढला. खाली कुणीतरी माझ्यावर राज्य आलं म्हणून ओरडत होतं. तेवढ्यात शिडीवर तात्यांचं डोकं दिसलं.

त्यांनी एक शब्द न बोलता ती माझ्या हातून घेतली, खटका सरकवून मोडली, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडली, आणि नळी कौलातल्या कवडशाकडे धरली. आरपार उजेड दिसला. रिकामी होती. मग ते तिथंच शिडीच्या वरच्या पायरीवर बसले, बराच वेळ. मला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी बंदूक माळ्यावरून हलली आणि कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या कणगीमागं गेली.

लपवणं फसलं, तर उपाय काय केला? आणखी चांगलं लपवलं.

या दोन गोष्टींतला फरक असा. लपवणं पोराच्या माहितीवर चालतं, कुलूप पोराच्या ताकदीवर. पोराला ठाऊक नाही तोवरच लपवलेली वस्तू सुरक्षित. कुलपातल्या वस्तूचं तसं नाही. पोराला ती कुठं आहे हे पक्कं ठाऊक असलं, रोज त्या कपाटाला टेकून ते अभ्यास करत असलं, तरी बिघडत नाही. आणि माहिती ही एकदा झाली की परत घेता येत नाही. शिवाय ती कधी झाली हे आपल्याला कळतही नाही. कुलूप उचकटलं तर दिसतं. लपवलेली जागा पोराला सापडली, त्यानं वस्तू पाहिली, होती तशी ठेवून दिली, तर आपण पुढची पाच वर्षं "पोरांना माहीतच नाही" असं सांगत फिरतो.

हे अमेरिकेत नीट विचारून पाहिलेलं आहे. अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागात, ज्यांच्या घरी बंदूक होती अशा पालकांना आणि त्यांच्या ५ ते १४ वर्षांच्या मुलांना वेगवेगळं विचारलं. २००६ साली निष्कर्ष छापून आले. "बंदूक कुठं ठेवलीय ते मुलाला माहीत नाही" असं म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी सांगितलं की आम्हाला माहीत आहे. "त्यानं कधी हात लावलेला नाही" म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी हात लावलेला होता. मी त्या २२ टक्क्यांतलाच, फक्त माळा साताऱ्यातला.

"आमच्या पोरांना आम्ही सांगून ठेवलंय, ती हात लावणार नाहीत" हे दुसरं ठरलेलं वाक्य. सांगावं जरूर. दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला येऊन सांगायचं. एवढं तीन वर्षांच्या पोरालाही पाठ होतं. पण पाठ होणं वेगळं. अटलांटातल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघातिघांच्या गटांनी एका खोलीत सोडलं. खणांमध्ये पाण्याची पिस्तुलं होती आणि एक खरंही होतं, गोळी सुटणार नाही असं केलेलं. संशोधक आरशाआडून पाहत होते. २९ गटांपैकी २१ गटांना खरं पिस्तूल सापडलं, त्यातल्या १६ गटांनी ते हाताळलं, आणि १० गटांत कुणी ना कुणी चापही ओढला. ज्यांना ते सापडलं त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा नक्की कळेना. आणि हाताळणाऱ्या, चाप ओढणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना बंदुकीबद्दल आधी समज दिलेली होती. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. आपल्या पोरांचा तर दर दिवाळीला टिकल्यांच्या पिस्तुलाचा सराव झालेला असतो. चाप ओढायचा, आवाज येतो, मोठी माणसं हसतात.

ताकदीचंही आपण कमीच धरतो. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दोन बोटांनी ओढायची ताकद मोजली. ३-४ वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के आणि ५-६ वर्षांच्यांपैकी ७० टक्के मुलं १० पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलोची ओढ देऊ शकत होती. बाराबोरचा चाप सर्वसाधारणपणे त्याच्या निम्म्या ओढीतच सुटतो. जुन्या एकनळीचा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणारा भाग, आधी मागं ओढावा लागतो म्हणून थोडं अवघड, माझा अंगठा म्हणूनच घसरला. बाहेर घोडा नसलेल्या दुनळीला तेही लागत नाही. ती मोडून उघडली की तिचा घोडा आतल्या आत चढतो, मिटली की चढलेलाच राहतो.

आपल्याकडे लपवण्याच्या विरोधात एक गोष्ट दरवर्षी ठरल्या तारखेला घडते, तिचा विचार कुणी करत नाही. खंडेनवमी. विळा, कोयता, कुऱ्हाड, तलवार असेल तर तलवार, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, आणि त्यात बंदूक. हळदकुंकू, झेंडूची माळ. पोरं सकाळपासून पाटाभोवती. ती कुठल्या खोलीतून आली आणि आरतीनंतर कुठं गेली हे कुठल्या पोराला कळत नसेल? निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला निघते, निकालानंतर परत येते, तेव्हाही तेच. कुलूप असेल तर पूजा खुशाल करा, पोरांना जवळ बसवून करा. मी तर म्हणतो नळी मोडून उघडी ठेवूनच पाटावर ठेवा, देवाला चालतं.

आता कुलपाकडे वळतो, कारण सगळी गंमत तिथंच आहे. पुष्कळ घरांत कुलूप असतं. लोखंडी कपाट, आत तिजोरीचा कप्पा, बंदूक किंवा निदान काडतुसं त्यात. आणि किल्ली? देवघरात, गणपतीच्या मागं. दाराच्या चौकटीवर. तांदळाच्या डब्यात. म्हणजे बंदूक कुलपात गेली आणि किल्ली लपवली. ज्या घरात किल्ली लपवलेली आहे त्या घरात बंदूक लपवलेलीच आहे, फक्त एक पायरी वाढली. गणपतीमागची किल्ली कुठली, हे ज्या पोराला रोज संध्याकाळी दिवा लावायला सांगता त्याला विचारा. परवाना असतो माणसाच्या नावावर, घराच्या नाही. किल्लीही त्याच माणसाच्या अंगावर असावी. पूर्वीच्या बायका किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचायच्या, ती रीत यासाठी अगदी बरोबर होती.

अशाच आणखी दोन गोष्टींची गल्लत होते, ती थोडक्यात सांगतो. 'सेफ्टी लावलीय' म्हणजे 'रिकामी आहे' असं नव्हे. नेहमीच्या बऱ्याच दुनळ्यांमध्ये सेफ्टीची सरकती पट्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. भरलेली बंदूक जोरात आपटली तर सुटू शकते. आणि पोराच्या अंगठ्यानं ती पट्टी सरकते. जुन्या एकनळीला तर ती नसतेच. 'रिकामी आहे' हेसुद्धा आठवणीवर म्हणायचं नसतं. मोडून, नळीतून उजेड पाहून म्हणायचं, तात्यांनी पाहिला तसा. ते त्या दिवशी शिडीवर का बसून राहिले ते मला पुष्कळ उशिरा समजलं. रिकामी आहे हे त्यांना पाहीपर्यंत ठाऊक नव्हतं.

म्हणून राखणीला जाणाऱ्यांनी काडतूस बांधावरच काढावं. झोपेत चालत घरी येऊन, दाराशी चपला काढताना नव्हे.

नीट ठेवणं म्हणजे चार गोष्टी, आणि अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे उपयोगी पडताना दिसली: बंदूक रिकामी, बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी, तीही कुलपात. महागड्या तिजोरीवाचून हे जमतं. मोडणाऱ्या बाराबोरचे कुठल्याही अवजाराशिवाय तीन तुकडे होतात: नळी, नळीखालचं लाकूड आणि दस्ता. नळी काढून काडतुसांबरोबर दुसऱ्या कुलपात टाकली तर उरलेल्या दोन तुकड्यांची बंदूक होत नाही. तुकड्यांना पेटीही आखूड पुरते. नळीतून जाणारं तारेचं कुलूप मिळतं, ते असेपर्यंत बंदूक मिटतच नाही, तेही चांगलं. चापावर बसणारं कुलूप मात्र भरलेल्या बंदुकीला कधी लावू नये, लावतानाच चाप दाबला जाऊ शकतो. आणि कातडी पिशवीत वर्षानुवर्षं ठेवू नका, आपल्याकडच्या पावसात ओल धरते आणि नळी गंजते. तेलाचं फडकं फिरवून उघडीच पेटीत ठेवलेली बरी.

काडतुसाकडे तर कुणाचं लक्षच नसतं. लाल नाहीतर हिरवं प्लॅस्टिक, बुडाला पितळी टोपी, बोटभर लांब. पोराला तो खडू वाटतो, नाहीतर फटाका. टोपीवर खिळा ठेवून दगडानं ठोकावं हे कुणाही पोराला सुचेल. बिस्किटाच्या डब्यात काडतुसं ठेवणाऱ्यांनी निदान डब्यावरचं बिस्किटाचं चित्र तरी खरवडून काढावं.

छऱ्याच्या बंदुकीचं एक राहिलं. ४.५ मिमी नळीच्या आणि २० जूलपर्यंतच्या जोरानं छरा सोडणाऱ्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं समजून दारामागं छत्रीशेजारी उभी असते. परवाना लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. डोळा जायला तेवढी पुरते. तिलाही त्याच पेटीत जागा करा.

"मग रात्री चोर आला तर कुलूप काढत बसू?" हा प्रश्न येतोच. डोंगरातल्या घरात तो मी हसण्यावारी नेत नाही. पण बाराबोर घेतली पिकासाठी, ती शेतात लागते, उशाखाली नाही. रिव्हॉल्व्हर असेल तर बोटाच्या ठशानं किंवा आकड्यांनी झटकन उघडणाऱ्या छोट्या पेट्या मिळतात. चोर येईल की नाही कोण जाणे. पोरं तर रोज घरात असतात. घरात कुणी फार खचलेलं असेल, दारूत असेल, दहावी-बारावीच्या निकालानं कोमेजलेलं पोरगं असेल, तर कुलपावरही विसंबू नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे बंदूक ठेवायला देता येते, तशी द्यावी.

तात्यांच्या मागं ती बंदूक आता माझ्या चुलतभावाच्या नावावर आहे. त्यानं परवा आकड्यांचं कुलूप आणलं आणि मला फोन करून विचारलं, "आकडा काय ठेवू रे? पोराच्या वाढदिवसाचा ठेवतो, विसरायला नको." म्हटलं, बाबा, वाढदिवस घरातल्या कुणाचाच नको. आणि मोबाईल उघडायचा आकडा तर मुळीच नको, तो त्याला तुझ्याआधी येतो.